पाच वर्षे जगले, म्हणजे तपासणीने वाचले?

'लक्षणे नसताना केलेल्या तपासणीत ज्यांचा कर्करोग सापडतो, त्यांतले बहुतेक जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. म्हणून प्रत्येक तपासणी जीव वाचवते' हा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा पूर्वार्ध अनेकदा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ही मोजणी निदानाच्या दिवसापासून सुरू होते. खोकल्यामुळे ६७व्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग कळलेला माणूस ७०व्या वर्षी गेला, तर तो निदानानंतर तीन वर्षे जगला. तोच रोग ६३व्या वर्षी स्कॅनमध्ये दिसला असता आणि मृत्यू ७०व्या वर्षीच आला असता, तर नोंद सात वर्षांची झाली असती. आयुष्य मात्र तेवढेच. त्यातच ठरावीक अंतराने होणाऱ्या तपासणीत मंद वाढणाऱ्या गाठी अधिक सापडतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मध्येच लक्षणे दाखवतात. म्हणून तपासणीत सापडलेले रुग्ण मुळातच जास्त जगणारे असतात.

'लवकर कळले तर नुकसान काय?' या प्रश्नाचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले आहे. तेथे थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ साली थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३च्या सुमारे पंधरापट झाले. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक जणांना हा रोग असल्याचे सांगितले गेले. या रोगाने होणारे मृत्यू मात्र वर्षाला ३०० ते ४०० च्या दरम्यानच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी असंख्य निरोगी माणसांची ग्रंथी काढली गेली, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या आणि काहींच्या स्वरतंतूंना इजा झाली. अशा निरुपद्रवी गाठींचे हे अतिनिदान पाच वर्षे जगणाऱ्यांचा टक्का वाढवते, हेच मला सर्वांत गंभीर वाटते.

म्हणून तपासणी व्यर्थ ठरत नाही. फक्त तिची कसोटी तपासणी देऊ केलेल्या संपूर्ण गटातील मृत्यूंवर घ्यावी लागते. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचे यादृच्छिक पद्धतीने चार गट करून आठ वर्षे पाठपुरावा झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणू शोधणारी) केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू नेहमीच्या उपचारव्यवस्थेतील गटाच्या सुमारे निम्मे होते. पॅप चाचणीच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या) आणि अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, जरी कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था या चाचण्यांतही सापडल्या होत्या.