साड्या वाटल्या नाहीत, वाकळ शिवली

"बाराव्यानंतर आईच्या साड्या वाटून टाका, घर हलकं होतं," हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. आमची आई गेल्या श्रावणात गेली. काकूनं तिच्या ५ सुती साड्यांची वाकळ शिवली (आमच्या खानापूरकडं गोधडीला वाकळच म्हणतात). बाबा रोज रात्री तीच अंगावर घेतात. ५२ वर्षांचा संसार झाला त्यांचा. घर हलकं करून त्यांनी काय करायचं?

त्यात एक हिरवा तुकडा आहे. ती साडी नेसून आई बेळगावच्या बाजारात रताळी विकायला बसायची. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, तेव्हा ती ६ वर्षांची होती. शाळा मराठी, घर मराठी; कन्नड ती बाजारातच शिकली, गिऱ्हाईकांशी बोलून. माझ्या मुलाला कन्नड अंक शाळेआधी तिनंच शिकवले. आता तो आजोबांच्या कुशीत शिरतो आणि वाकळीचे तुकडे मोजत बसतो, आज्जीच्याच चालीत: ओंदू, एरडू, मूरू.