गडद रंगाचे जोडलेले हात अशुभ नसतात

गेल्या काही दिवसांपासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश फिरतो आहे. इमोजीतील पिवळा रंग आशियाई लोकांची थट्टा करण्यासाठी निवडला, त्वचेच्या पाच छटा परदेशी कंपन्यांनी माणसांत फूट पाडण्यासाठी आणल्या, आपण निवडलेल्या छटेवरून आपला वंश नोंदवला जातो, आणि शुभप्रसंगी गडद रंगाचे जोडलेले हात पाठवणे अशुभ असल्यामुळे निदान मुलींनी तरी ‘उजळ’ हात वापरावेत, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने आपल्या हातांची छटा निमूटपणे बदलली. त्यामुळे शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे.

त्या संदेशात ‘शास्त्रात सांगितले आहे’ असा आधार दिला आहे. जोडलेल्या हातांचे हे चिन्ह जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचांतून २०१० साली युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना व इमोजींना सर्व उपकरणांसाठी समान संकेतांक देणाऱ्या मानकात, आले आणि त्याला छटा मिळाल्या त्या २०१५ साली. तेव्हा हे कोणते शास्त्र, ते लिहिणाऱ्यानेच सांगावे. पंढरपुरात काळ्या पाषाणाच्या मूर्तीपुढे उन्हात रापलेले हात पिढ्यान्‌पिढ्या जोडले जातात, आणि त्याच महाराष्ट्रात सावळ्या हातांचा नमस्कार अशुभ ठरवण्याचे धाडस एखाद्याला होते, याला काय म्हणावे? खरे कारण शास्त्रात नसून विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी, सुस्वरूप’ या अपेक्षेत आहे. गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला, पण आमच्या गटातील वडीलधाऱ्यांच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. मुलांनी कोणते हात वापरावेत, याविषयी संदेशात एक अक्षरही नाही, हेही पुरेसे बोलके आहे.

पिवळ्या रंगाचा आक्षेप २०१५ साली चीनमध्येही घेतला गेला होता, आणि तो तेव्हाही गैरसमजातूनच निघाला होता. इमोजींना संकेतांक देणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियमच्या ५१ क्रमांकाच्या तांत्रिक मानकात स्पष्ट म्हटले आहे, की छटा निवडलेली नसेल तेव्हा माणसाचे चित्र खऱ्या त्वचेशी न जुळणाऱ्या सर्वसाधारण रंगात, उदाहरणार्थ हसऱ्या चेहऱ्यांच्या पिवळ्या रंगात, दाखवावे. फूट पाडण्याच्या आरोपाचे उत्तरही त्याच दस्तऐवजात आहे. आधी अनेक फोनवर इमोजीतील माणसे बहुतांशी गोरीच दिसत. मानवी विविधता, विशेषतः त्वचेच्या रंगातील विविधता, चित्रांत दिसावी अशी लोकांचीच मागणी होती, म्हणून या छटा आल्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. या छटा त्वचेचे प्रकार ठरवणाऱ्या ज्या फिट्झपॅट्रिक मापनावर बेतल्या आहेत, ते १९७५ साली अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी तयार झाले आणि आरंभी त्यात केवळ गोऱ्या त्वचेचे प्रकार होते. तपकिरी व काळ्या त्वचेचे वर्ग नंतर जोडले गेले. त्यामुळे जगभरच्या सावळ्या रंगांना या मापनात जागा अपुरी आहे, ही तक्रार रास्त आहे. संदेशात नेमकी तीच नाही.

राहिला वंशनोंदीचा मुद्दा. छटा हा एक स्वतंत्र संकेत असून तो मूळ चिन्हाच्या मागे जोडला जातो, म्हणूनच काही जुन्या फोनवर हातांशेजारी रंगाचा वेगळा चौकोन दिसतो. एखाद्या कीबोर्डने आपले टंकन चोरून वाचले, तर त्यात ही छटाही जाईल, हे खरे. परंतु ज्याला आपला प्रत्येक शब्द आणि आडनावही वाचता येते, त्याला हातांच्या रंगावरून अंदाज बांधण्याची गरजच काय? उलट एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली ट्विटरवरील वापर तपासला, तेव्हा लोक बहुतेक वेळा स्वतःच्या वर्णाशी जुळणारीच छटा निवडतात आणि गडद वर्णाचे लोक ही सोय अधिक वापरतात, असे आढळले. म्हणजे ज्यांनी हात ‘उजळ’ करावेत असे हा संदेश सांगतो, त्यांनाच ही सोय सर्वाधिक हवीशी वाटली होती.