आधी वरचा प्लग

कट्ट्यावर टेकता टेकताच बंड्या म्हणाला, "काल जुन्या गाडीचं डिफरन्शियल ऑइल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यातलं ऑइल, घरीच चेक केलं. अर्धा लिटर कमी होतं. टाकलं भरून."

"कमी होतं हे कळलं कसं?" तात्यांनी विचारलं.

"मागची बाजू जॅकवर उचलली, खाली सरपटलो, मागचा, ऑइल भरायचा प्लग खोलला, बोट घातलं. कोरडं!"

"अरे, मागून उचललीस तर ऑइल पुढे पिनियनकडे, म्हणजे पुढच्या लहान गिअरकडे, जाणारच. गाडी चारी चाकांवर सपाट हवी. खाली शिरता येत नसेल तर चारी बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नकोस बाबा."

पक्याचं वेगळंच. "मुळात बघायचंच कशाला? इंजिनचं ऑइल जळतं, हे जळत नाही. जमिनीवर डाग नाही, म्हणजे ऑइल जागेवर आहे."

यात दम होता. पण तात्या म्हणाले, "एक्सलचं सील, म्हणजे चाकाच्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी कडी, गेलं की ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरतं. जमीन कोरडी, ब्रेकचे लायनर ओले. शिवाय तापलेलं हौसिंग, म्हणजे गिअरचं कवच, पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लेव्हल बरोबर असून काय उपयोग?"

"आणि जास्त भरलं तर?" बंड्याचा आवाज उतरला.

"तेही सीलमधूनच निघणार."

"म्हणजे गळती नव्हती, ती बंड्याने बसवून घेतली!" पक्या खूश.

मी मध्ये पडलो. सगळं ऑइल बदलायचं झालं तर खालचा प्लग आधी खोलू नका. मी खोलला होता. ऑइल निथळलं, आणि मग वरचा, भरायचा प्लग गंजून असा जाम झालेला की पाना फिरवून चौकोनाचे कोपरेच गोल झाले. गाडी चार दिवस जागची हलली नाही. खालच्या प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लेप होता, तो चालतो. धातूचे तुकडे निघाले असते तर मात्र क्राउन-पिनियन ही आतली गिअरची जोडीच उघडावी लागली असती.

"आता जास्तीचं काढू कसं?" बंड्याने विचारलं.

"गाडी सपाट उभी कर, वरचा प्लग खोल, खाली भांडं लाव. धार थांबली की ऑइल भोकाच्या खालच्या काठाला आलं. बहुतेक गाड्यांची लेव्हल तीच. तुझ्या मॅन्युअलमध्ये काठापासून किती खाली ते दिलं असेल तर तेवढी."

"काठाला म्हणजे बोट ओलं व्हायला हवं ना?"

"वाकवून आत घातलंस तर टोकाला लागेलच."

बंड्याने बोट नाकाशी नेलं. गंधकाचा तो वास दोन साबण लावूनही गेला नव्हता.