काही न करण्याचे कष्ट

माझ्याकडे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आहे. असं म्हटलं की लोक विचारतात, "पाण्याचा व्हॉल्व्ह?" मग मला आजोबांच्या रेडिओपासून, त्यातल्या तापून लालसर होणाऱ्या काचेच्या नळ्यांपासून सुरुवात करावी लागते.

तो मी स्वतः जोडलाय. ताकद दोन्ही बाजूंची मिळून २० वॅट; पण शेजाऱ्यांशी बोलणं चालू ठेवायचं तर अर्ध्या वॅटवरच भागवावं लागतं. या अर्ध्या वॅटसाठी आतला थाट बघा. चार ईएल ८४ आणि दोन ईसीसी ८३ असे सहा व्हॉल्व्ह, यांचे नुसते फिलामेंट लाल ठेवायला ६.३ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या वर करंट लागतो, म्हणजे २३ वॅट. व्हॉल्व्हमधल्या प्लेटचा, म्हणजे खरं काम करणारा, करंट वेगळाच, आणि तो गाणं असो-नसो, वाहतोच. बुवा अजून तंबोरे जुळवतायत, पण मांडवाचं भाडं चालू!

हा सगळा भार एका ट्रान्सफॉर्मरवर. तांब्याची तार तापते, लोखंडी पट्ट्या तापतात, तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, म्हणून ते आणखी तापतं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा अशाच चालतात.

बुधवार पेठेतल्या वाइंडिंगवाल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "तापणारच हो तो. उघडा ठेवा, हवा लागू द्या, बास." मला हे फारच पटलं. पंखा मला नकोच होता, विलंबित ख्यालात पंख्याची घरघर कोण ऐकणार? चेसिसला भोकं पाडली, खाली उंच पाय लावले, ट्रान्सफॉर्मरखाली वॉशर घालून फट ठेवली. खालून गार हवा शिरणार, तापणार, वर निघून जाणार. चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकायला कंजूष असतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं क्रोमचं टोपण काढून टाकलं आणि वरून काळा मॅट रंग मारला. याला पॅसिव्ह कूलिंग म्हणतात. म्हणजे आता कुणीही काहीही करायचं नाही.

तिथेच घोडं पेंड खातं. काही न करणं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

बायकोने पहिल्याच आठवड्यात अॅम्प्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये सरकवला. "एवढा खर्च केलायस, तर जरा नीट दिसू दे." मुलाने कनवाळूपणे टेबलफॅन आणून लावला, वर तीन नंबरवर. आणि एप्रिलमधल्या एका संध्याकाळी गाण्याबरोबर गरम वार्निशचा वास यायला लागला. जाऊन बघतो तर ट्रान्सफॉर्मरवर क्रोशाचा रुमाल! चारी कोपऱ्यांना पिवळी फुलं, मधोमध मोर. आमच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळ्यांनी हा मोर अंगावर घेतलाय.

"आई, हे काय?"

"अरे, केवढी धूळ बसते त्याच्यावर! आणि कसला काळाकुट्ट दिसतो."

भांडणापेक्षा पुरावा बरा. सकाळी घरात ३० अंश असताना प्रायमरीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या प्लगकडच्या वेटोळ्याचा, रोध २० ओहम भरला होता. प्लग काढून लगेच मल्टिमीटर लावला तर २४. गणित मांडलं, आतली तार ८३ अंशांवर! दुसऱ्या दिवशी मोराशिवाय तेवढाच वेळ चालवला, तर २३ ओहम, म्हणजे ७० अंश. दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशोब सांगतात. मी आईला म्हटलं, "तुझ्या मोराने त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य खाल्लं असतं."

"त्या मोराला पंचवीस वर्षं झाली," आई म्हणाली. "अजून एक टाका उसवला नाही."

तेव्हापासून संध्याकाळी मी स्वतः पहाऱ्यावर बसतो. परवाही बसलो होतो. बायकोने विचारलं, "काय करतोयस?"

"काही नाही."

"मग मेथी निवड."

मांडीवर जुडी, पायाशी देठं, वर भैरवी रंगलेली. निवडलेल्या पानांचा कागद कुठेतरी ठेवायचा म्हणून मी हात लांब केला आणि ठेवला. अर्ध्या तासाने आई आली. तिने ट्रान्सफॉर्मरवरचा तो कागद उचलला, चार पानं बोटांत चुरली, वास घेतला.

"अगदी कुरकुरीत वाळलीये रे," ती म्हणाली. "उद्या अजून दोन जुड्या आण, वर्षाची कसुरी करून ठेवू."