३.०८

संख्याशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षे घालवलेल्या माणसाला सरासरीची भीती वाटत नसेल, असा लोकांचा समज आहे. तसा समज असणाऱ्यांची सरासरी कधी कोणी काढलेली नसावी. दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांच्या गाड्यांची वर्दळ वाढली की नाशिकमधल्या आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे दिवस आले असे समजावे, आणि त्या दिवसांत मी एरवीपेक्षा हळू आवाजात बोलतो, हे प्रथम घरच्यांच्या लक्षात आले.

१९९४ साली स्थापन झालेली नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, महाविद्यालयांना तपासत आली आहे. २०१७ च्या सुधारित पद्धतीत तिने विद्यार्थ्यांनाही तपासनीस केले. प्रश्नावलीत वीस प्रश्न पर्यायांचे असून प्रत्येकाला चार ते शून्य असे गुण आहेत, आणि एकविसावा प्रश्न मोकळा आहे. आमच्याकडे हीच प्रश्नावली दरवर्षी, प्रत्येक शिक्षकासाठी स्वतंत्रपणे, मोबाइलवर भरून घेतात. पूर्वी कागदी फॉर्म असत, तेव्हा हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येई. आता तीही सोय राहिलेली नाही.

पहिलाच प्रश्न वर्गात किती अभ्यासक्रम शिकवला गेला, हा आहे. गेल्या वर्षी मी संपूर्ण अभ्यासक्रम संपवून वर दोन तास उजळणी घेतली होती, तरी एकाने ‘तीस टक्क्यांहून कमी’ हा पर्याय निवडला. मी आठवडाभर अस्वस्थ होतो. नंतर हजेरीपट काढून पाहिल्यावर उलगडा झाला की, तितकेच तास बसलेली दोन-तीन मुले वर्गात होती, आणि त्यांच्यापुरते ते उत्तर अगदी बिनचूक होते.

एकविसाव्या प्रश्नात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना मागितलेल्या असतात, आणि खरा ऐवज तिथेच सापडतो. वाहनतळावर पत्रे हवेत, कॅन्टीनचा वडा लहान झाला आहे, शेवटच्या बाकावरचा पंखा फिरत नाही, हे सगळे माझ्या नावाखाली जमा झाले होते. एकीने लिहिले होते, ‘विषय कंटाळवाणा आहे, त्यात सरांची चूक नाही.’ इतकी सहृदय टीका मला आजवर कोणत्याही वरिष्ठाकडून लाभलेली नाही. मात्र डिसेंबरात, निफाड-सिन्नरहून एसटीने कुडकुडत येणाऱ्या मुलांसाठी सकाळी साडेसातचा तास घेणाऱ्या माझ्याविषयी ‘सर रोज वेळेवर येतात’ हे वाक्य कोणीतरी तक्रार म्हणून लिहिले होते, ते मात्र मनाला लागले.

चौसष्टांपैकी एकेचाळीस जणांनी फॉर्म भरला आणि माझी सरासरी ३.०८ आली. वास्तविक ‘वाईट’ आणि ‘बरा’ यांतले अंतर ‘बरा’ आणि ‘उत्तम’ यांतल्या अंतराइतकेच असते असे कोणी सिद्ध केलेले नाही, तेव्हा अशा गुणांची सरासरी जपून वापरावी, हे मी स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवतो. तरीही शेजारच्या टेबलावरच्या अर्थशास्त्राच्या बाईंना ३.११ मिळाल्याचे कळताच मी त्याच सरासरीच्या दुसऱ्या दशांश स्थळावरून रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी तपशील मागवला, तर एका महाभागाने विसाच्या वीस प्रश्नांना शून्य दिलेले आढळले. तो एक वगळला की माझी सरासरी ३.१६ होत होती. हे गणित व्यवस्थित मांडून मी विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी चष्मा न काढता सांगितले, “सर, यात पुनर्मूल्यांकनाची सोय नाही.” एकेका गुणासाठी माझ्या दारात उभ्या राहिलेल्या मुलांना मी हेच वाक्य, याच सुरात, इतक्या वर्षांत किती वेळा ऐकवले असेल, त्याचा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

यंदा मी अभ्यास करून उतरायचे ठरवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांसाठी वर्गात चॉकलेटची बिस्किटे ठेवली होती, आणि त्या गटांनी बिस्किटे न मिळालेल्या गटांपेक्षा शिक्षकांना अधिक गुण दिले. इतकेच नव्हे, तर अभ्याससाहित्यही त्यांना अधिक चांगले वाटले. आता नाशिकमध्ये बिस्किटावर कोण विरघळणार? त्यामुळे रविवारी गंगापूर रस्त्यावर मिसळ खायला गेलो असता कोपऱ्यातल्या टेबलावर माझ्याच वर्गातली चार मुले दिसली, तेव्हा हा शास्त्राने दिलेला कौल आहे असे मी मानले. फॉर्म भरण्याची मुदत संपायला दोन दिवस होते. मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन घरची चौकशी केली, रस्सा आणि पाव पुन्हा मागवायला लावले, जिलेबीचा आग्रह केला आणि ते ‘नको सर, नको सर’ म्हणत असताना गल्ल्यावर जाऊन त्यांचे बिल चुकते केले. निघताना, अगदी सहज सुचल्यासारखे, फॉर्मचे तेवढे विसरू नका, असे म्हणालो.

“तुमचा फॉर्म ना सर?” त्यांतला एक जिलेबी संपवत अदबीने म्हणाला, “तो तर आम्ही चौघांनी पहिल्याच दिवशी भरून टाकला.”