फोटोपुरतं कौतुक नको
ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या पोरांना आपलंसं वाटावं म्हणून कॉलेजांनी ट्रॅडिशनल डे, फूड फेस्टिव्हल वगैरे करावं असं तुमच्याकडच्या लेखात म्हटलंय, ठीक आहे, पण खरं सांगू का, त्या एका दिवसाने फोटो छान येतात बाकी काही नाही. पुण्यात हॉस्टेलला माझा रूममेट मणिपूरचा होता, दिवाळीत आमची मेस बंद, आम्ही सगळे बॅगा उचलून घरी, आणि हा बिचारा आठवडाभर मॅगी आणि ब्रेडवर. घरी जा म्हणणं सोप्पंय हो, गुवाहाटीपर्यंतच ट्रेनने दोन-अडीच दिवस जातात आणि पुढे इंफाळ अजून लांब, जाऊन येईपर्यंत सुट्टी संपली! रेक्टरना विचारलं तर म्हणे चार पोरांसाठी आचारी ठेवता येत नाही. शेवटी तिसऱ्या वर्षी आईने त्याला आमच्याकडे साताऱ्याला बोलावून घेतलं, चकल्या पाडायला पण बसला होता (माझ्यापेक्षा बऱ्या पाडल्या).

आणि ईशान्येकडच्या पोरांना चेहऱ्यावरून ते 'चिंकी' म्हणणं, गंमत म्हणून चालतं ना सगळ्यांना. मी पण पहिल्या वर्षी हसलोय त्यावर, खोटं कशाला बोलू. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीत जीव गेला तेव्हा सुरुवात त्याच्या केसांवरून टिंगल करण्यातूनच झालेली. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला केंद्राने नेमलेल्या बेजबरुआ समितीचा रिपोर्ट आला, तो किती कॉलेजांत कोणी उघडून बघितलाय? २०२३ ला मणिपूर पेटलं, इंटरनेट बंद, पोरांचा घरच्यांशी धड कॉन्टॅक्ट नाही, अशा वेळी फी भरायला दोन महिने मुदत आणि बोलायला एखादा समुपदेशक, एवढं दिलं तरी पुष्कळ होतं. ढोल-ताशा नंतर वाजवा.