दोन विरुद्ध एक

माझ्या लग्नाच्या बाबतीत माझ्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची टंचाई आमच्या घरात कधीच नव्हती. फरक इतकाच, की आजवर ते सर्व जण फुकट सल्ला देत असत आणि त्या रविवारी मी प्रथमच सल्ल्याचे पैसे मोजले. वयाच्या ३४व्या वर्षापर्यंत १७ स्थळांनी ‘मुलगा चांगला आहे, पण’ असे कळवले होते आणि त्या ‘पण’च्या पलीकडे काय आहे, हे एकानेही सांगितले नव्हते.

अशा मनःस्थितीत लॉरेन मॅकार्थी या अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये केलेल्या प्रयोगाविषयी माझ्या वाचनात आले. ओकेक्यूपिड या डेटिंग सेवेवर ओळख झालेल्या माणसांना ती भेटायला जाई, फोनवरून त्या भेटीचे थेट प्रक्षेपण करी आणि अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर चार पैशांसाठी कामे करणारे अनोळखी लोक ते पाहून, पुढे काय बोलावे नि काय करावे, हे तिला संदेशाने कळवत. मेकॅनिकल टर्क हे नावच मुळी एका जुन्या फसवणुकीचे आहे. १७७० मध्ये केंपेलेन नावाच्या गृहस्थाने सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क उभा केला. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याकडून हरला. खालच्या पेटीत एक जिवंत खेळाडू अंग चोरून बसलेला असे. आपण हा फेटेवाला लाकडी तुर्क व्हावे आणि पेटीत दुसऱ्या कोणी घाम गाळावा, ही कल्पना मला फारच सोयीची वाटली.

तशाच एका संकेतस्थळावर मी तीन माणसे मिळवली. तिघांचे मत घ्यायचे आणि बहुमताची सूचना माझ्या मनगटावरच्या घड्याळात यायची, अल्पमताची तिच्याखाली बारीक अक्षरांत, अशी व्यवस्था होती. प्रभात रोडवरच्या एका कॅफेत साखरेच्या भांड्याला फोन टेकवून मी बसलो. समोरच्या बाईंना यातले काही सांगितले नव्हते, हा निव्वळ नीचपणा होता, हे आता कबूल करतो.

या बाई इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करतात. गच्चीतून पाणी मुरले, की स्लॅबमधली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, हे त्या इतक्या रंगून आणि हातवारे करून सांगत होत्या, की मीही क्षणभर माझे दुःख विसरलो. तेवढ्यात मनगट थरथरले. ‘ती संतापली आहे. ताबडतोब माफी मागा.’ तिघांपैकी दोघांना मराठी येत नव्हते आणि दोन मराठी माणसांचे खेळीमेळीचे बोलणे लांबून भांडणासारखे दिसते, याचा मी विचारच केला नव्हता.

“माफ करा,” मी म्हणालो.

“कशाबद्दल?”

“स्लॅबबद्दल.”

खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘दादा, त्यांना बोलू द्या.’ हा तिसरा आपल्याकडचा निघाला. पण लोकशाहीत त्याचा इलाज नव्हता.

शिवाय प्रत्येक सूचना चाळीस सेकंद उशिरा येई. त्यांनी विनोद केला तेव्हा मी गंभीर होतो आणि त्या आजीच्या आजारपणाविषयी बोलू लागल्या तेव्हा ‘मोकळेपणाने हसा’ हा आदेश पोहोचला. मी हसलो. ‘दादा, आता नाही,’ असे तिसऱ्याने कळवले, तेही उशिराच. मग एकमताने सूचना आली: ‘सारखे घड्याळ पाहू नका.’ ती मी घड्याळात पाहून वाचली.

“तुम्हाला कुठे जायचंय का?” त्यांनी विचारले.

मी नकारार्थी हात हलवला आणि नेमका तोच हात त्यांच्या डोळ्यांसमोर थांबला. त्यावर ‘आता तिचा हात हातात घ्या’ असे ठळक अक्षरांत उमटलेले होते.

मग सर्व सांगावे लागले. रागावतील, उठून जातील, अशी माझी अपेक्षा होती; पण त्यांचा पहिला प्रश्न धंद्याला धरून होता.

“माणसं किती?”

“तीन.”

“तीनच? अहो, एका इमारतीचं काँक्रीट तपासतानासुद्धा आम्ही याहून जास्त नमुने घेतो.” असे म्हणून त्या साखरेच्या भांड्याकडे झुकल्या आणि फोनला विचारत्या झाल्या, “मी थांबू की जाऊ?”

चाळीस सेकंद आम्ही दोघे माझ्या मनगटाकडे पाहत बसलो. पहिल्याने लिहिले, ‘ती खूश आहे, गोड काहीतरी मागवा.’ दुसऱ्याने लिहिले, ‘पुन्हा माफी मागा.’ तिसऱ्याने लिहिले, ‘ताई, तुम्ही जा. दादांना मी समजावतो.’

त्या दिवसभरात त्या प्रथमच मनापासून हसल्या, आपल्या कॉफीचे पैसे ठेवून निघाल्या आणि जाताना फोनला नमस्कार करून गेल्या, मला नाही.

मागे हिशेब उरला. पहिल्या दोघांचे पैसे आपोआप मंजूर झाले. तिसऱ्याच्या नावापुढे मात्र ‘उत्तरे बहुमताशी जुळत नाहीत, मोबदला नाकारायचा का?’ असा प्रश्न आला होता. मी ‘नाही’वर बोट ठेवले, वर एक डॉलर बक्षीस दिले आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिले, ‘आता काय करू?’

चाळीस सेकंदांनी उत्तर आले. ‘दादा, आधी कॅमेरा बंद करा.’